तोंडी सांगू नये

काकांकडे स्वतःची मोटारसायकल कधीच नव्हती. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. ऑफिसला ते सायकलने जायचे, पँटच्या पायांना क्लिपा लावून, आणि पाऊस असला तर बसने. मोटारसायकल त्यांना चालवताही येत नव्हती. पण आमच्या दिल्लीच्या सरकारी कॉलनीत कुणाची फटफटी रुसली, की रविवारी सकाळी ती ढकलत त्यांच्याच अंगणात यायची. काका, तुम्हीच का नाही घेत एखादी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टरने आजारी पडलंच पाहिजे असा नियम आहे का?"

ते एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि मी शेजारच्या इमारतीत असिस्टंट. त्यांचं क्वार्टर तळमजल्यावर, आमचं बरोबर त्यांच्या डोक्यावर. आमचं म्हणजे माझं आणि आईचं. वडील गेल्यावर साताऱ्याचं बिऱ्हाड मोडून मी तिला दिल्लीला आणलं होतं. कॉलनीत मराठी घरं पाच-सहाच, बाकी पंजाबी, बंगाली, मद्रासकडचे. ते सगळे काकांना 'डॉक्टर साहब' म्हणायचे. काकांना ते आवडायचं, पण चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाहीत.

गाडी आली की ते तिला हात लावत नसत. आधी मालकाला वेताच्या मुढ्यावर बसवायचे आणि जबाब सुरू करायचे. बंद पडली ती चढावर की सपाटीवर? थंड असताना की तापल्यावर? आधी अडखळली की एकदम गेली? काल गाडी कुणी धुतली? परवा कुणी मागून नेली होती? घरी कोण कोण असतं? एका बंगालीबाबूंनी वैतागून विचारलं होतं, "दादा, गाड़ी ठीक करेंगे या मेरी शादी करवाएंगे?" काका हसले नाहीत. त्यांनी तेही लिहून घेतलं.

लिहून घेणं हा त्यांचा दुसरा नाद. कॉलनीतल्या प्रत्येक गाडीची त्यांच्याकडे फाईल होती. खरीखुरी, पुठ्ठ्याची, लाल नाडी बांधलेली. दिवसभर इंग्रजीत टिपण्या लिहून त्यांचा हात अवघडायचा, तो ते रविवारी अस्सल कार्यालयीन मराठीत मोकळा करायचे. परिच्छेदांना आकडे, खाली सही, तारीख. सदर वाहन, उपरोक्त बिघाड, सबब कार्यवाही. ही फाईल कुणालाही वाचायला मिळत नसे. मी एकदा नाडीला हात लावला तर म्हणाले, "फाईल पक्षकाराला दाखवत नाहीत, हे तुला मी सांगायचं?"

तपासणीचा क्रमही ठरलेला, टाकीपासून खाली. आधी टाकीचं झाकण, मग पेट्रोलचा कॉक, मग कॉकमधली जाळी, मग नळी, आणि हे सगळे निर्दोष सुटले तरच कार्बोरेटर. रस्त्यावरचे मिस्त्री आल्या आल्या कार्बोरेटर उघडतात याचा त्यांना मनस्वी राग होता. "गाड्या कार्बोरेटरमुळे कमी आणि तो उघडणाऱ्यांमुळे जास्त बंद पडतात," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. उघडायची वेळ आलीच, तर आतला पितळी जेट ते दोन बोटांत धरून उन्हाकडे करायचे आणि त्याच्या सुईएवढ्या भोकातून सूर्य बघायचे. पूर्ण गोल दिसला तर पास. कचरा असला तर तोंडाने फुंकर मारायचे, फार तर ब्रशचा एक केस घालायचे. कुणी त्यात तार घातल्याचं कळलं तर महिनाभर त्याच्याशी अबोला. तारेने भोक मोठं होतं, गाडी पेट्रोल ढोसायला लागते आणि मग ती सवय सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

गाडी दुरुस्त झाली की चालवून बघायला ते मागे बसायचे. मालकाने चालवायची आणि काकांनी एक कान खाली करून, डोळे मिटून ऐकायचं. कॉलनीच्या दोन फेऱ्या. या सगळ्याचे कुणाकडून काही घेत नसत. मालकाने शेवटपर्यंत समोर बसायचं, एवढीच अट.

आमच्याही वरच्या मजल्यावरच्या सरदारजींची गाडी एका थंडीत सारखी धूर ओकायला लागली. काकांनी जबाब घेतला, टाकीतलं थेंबभर पेट्रोल तळहातावर चोळलं, हुंगलं, पुन्हा चोळलं. हात तेलकटच राहिला. सरदारजींचे म्हातारे वडील बाजूला उभे होते, ते एकाएकी आत निघून गेले. काका एवढंच म्हणाले, "टंकी खाली करके दूसरे पंप से भरवाइए." मग बराच वेळ फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि नाडी घट्ट बांधली. त्यानंतर दर हिवाळ्यात त्या म्हाताऱ्यांकडून काकांच्या घरी मक्याच्या रोट्या आणि सरसोंची भाजी यायची. घरातलं रॉकेल टाकीत कोण ओतत होतं, हे सरदारजींना कधीच कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मला कळायला फार उशीर लागतो आणि तोवर मी बोलून बसलेला असतो.

या शेवटच्या वाक्यासाठीच खरं तर मी हे लिहितो आहे.

माझी मोटारसायकल सेकंडहँड होती, पण माझी पहिली. ती आली त्या थंडीत आईला वाटलं, बिचारी रात्रभर बाहेर गारठते. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, गाडी लावली, आणि आईने लगबगीने खाली येऊन तिच्यावर स्वतः शिवलेली गोधडी पांघरली. सायलेन्सर तापलेला होता. गोधडी जळून त्याला चिकटली, काळे डाग पडले, वास सुटला. मी आईला जे बोललो ते अख्ख्या ब्लॉकने ऐकलं. अक्कल, खेडवळ, साताऱ्यालाच ठेवायला हवं होतं, असले सगळे शब्द त्यात होते. काका आपल्या दारात उभे होते. त्यांनी चाकूने तो जळका कपडा सायलेन्सरवरून खरवडून काढला. आई जिन्यात उभी राहून उरलेल्या गोधडीची घडी घालत होती.

मग दसरा आला. आमच्या घरी दसऱ्याला विळी, शिवणयंत्र, माझं पेन आणि आता गाडी, सगळ्यांची पूजा. आईने झेंडूची माळ हँडलला बांधली. कुंकू तेलात चांगलं घट्ट कालवलं. मला वाटलं ती दिव्यावर लावेल, पण ती म्हणाली, "तो डोळा आहे तिचा. कपाळ वर असतं." आणि टाकीच्या झाकणावर, बरोबर मधोमध, तिने भरगच्च स्वस्तिक काढलं आणि वर अक्षता दाबल्या. आई स्वतः वडील गेल्यापासून कुंकू लावत नव्हती. गाडीला लावताना तिचा चेहरा इतका गंभीर आणि सुखी होता, की तो मला अजून दिसतो.

आठवडाभरात गाडीला नवंच दुखणं लागलं. पंधरा-वीस मिनिटं झकास चालायची, मग अडखळायची, मरायची. दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की पुन्हा सुरू. मिस्त्र्याने तीनदा कार्बोरेटर उघडला. शेवटी मी रविवारी मुढ्यावर जाऊन बसलो. काकांनी सगळा जबाब घेतला. मग झाकणाकडे पाहिलं, मग वर आमच्या बाल्कनीकडे, आणि मला म्हणाले, "जा, वहिनींना म्हणावं दोन कप चहा टाका. तूच घेऊन ये."

चहा घेऊन आलो तर ते हात पुसत होते.

"काय होतं काका?"

"श्वास कोंडला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे आता कोंडलेला नाही. चालव."

गाडी वर्षभर बिनतक्रार चालली.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका आपट्याची पानं घेऊन वर आले. सोनं आदल्या दिवशी द्यायचं, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. विक्षिप्त माणूस, म्हणून मी आणि आई हसलो. नंतर ते खाली माझ्या गाडीपाशी बराच वेळ रेंगाळले, तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं.

तिसऱ्या वर्षी मात्र सोडून दिलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे खिडकीतून पाहिलं, तर काका माझ्या टाकीचं झाकण उघडून त्यावर वाकले होते. हातात काहीतरी बारीक, चकाकणारं. त्यांनी झाकण लावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि घरात गेले. त्याच दिवशी गाडी सुरूच झाली नाही. ऑफिसला तासभर उशीर झाला, साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. प्लग गेला होता, हे दोन दिवसांनी कळलं, पण तोवर माझ्या डोक्यात वेगळीच गोष्ट शिजली होती. ऑफिसातल्या एकाने गमतीत म्हटलं होतं, "यार, तुम्हारे डॉक्टर साहब बीमारी भी खुद लगाते होंगे, नहीं तो हर संडे इतने मरीज़ कहाँ से आते हैं?" मला ते एकदम पटलं. प्लगचं कळल्यावरही पटलेलंच राहिलं.

रविवारी अंगणात चार-पाच जण होते. सरदारजी होते, बंगालीबाबू होते. काका कुणाच्या तरी जेटमधून सूर्य बघत होते. मी मुद्दाम हिंदीत बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून.

"डॉक्टर साहब, दशहरे के दूसरे दिन मेरी टंकी खोलकर क्या कर रहे थे?"

काकांनी जेट खाली केला.

"मैंने अपनी आँखों से देखा है. आप ही बिगाड़ते हैं, आप ही बनाते हैं. संडे को दरबार जो लगाना होता है."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून आमच्या बाल्कनीकडे पाहिलं. तिथे आई ओले कपडे हातात घेऊन थांबली होती. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून नजर चुकवताहेत. सरदारजी म्हणाले, "आप कुछ बोलिए ना, डॉक्टर साहब." काका मराठीत, फक्त मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाले, "तुझी गाडी चालते आहे ना आता? मग झालं."

त्यांनी समोरचा कार्बोरेटर शेवटच्या स्क्रूपर्यंत जोडून दिला, हात पुसले, पेटी उचलली आणि आत गेले. त्यानंतर ते अंगण भरलं नाही. कुणी गाडी घेऊन आलं तर दारातूनच म्हणायचे, "अब नज़र काम नहीं करती." पेटी त्यांनी बाजारातल्या एका मिस्त्र्याला देऊन टाकली. रविवारी सकाळी ते त्याच मुढ्यावर बसून पेपर वाचायचे, जाहिरातींसकट. रस्त्यावरून एखादी गाडी अडखळत गेली की पेपर हळूच खाली यायचा, आणि आवाज लांब गेला की पुन्हा वर जायचा. हे मी वरून बघायचो. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

चौथ्या वर्षी दसऱ्यानंतर कुणी पानं घेऊन आलं नाही. पंधरा दिवसांनी मी आईला मागे बसवून गाझियाबादला निघालो, एका मराठी कुटुंबात मुलगी बघायला. आईच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा. गाडी वाटेत तीनदा मेली. हिंडन नदीच्या पुलाअलीकडे रस्त्याच्या कडेला एक मिस्त्री बसला होता. त्याने मी सांगितलेलं ऐकलं आणि थेट झाकण फिरवलं. सुस्स करून आत हवा गेली.

"भाई साहब, गाड़ी का दम घुट रहा था. ढक्कन में हवा का छेद होता है, वो बंद है. हवा अंदर नहीं जाएगी तो तेल नीचे कैसे उतरेगा?" त्याने बारीक तारेने उकरलं. लाल चुरा त्याच्या तळहातावर पडला. "ये क्या भरा है, सिंदूर?"

श्वास कोंडला होता. काकांचे शब्द तेच होते. पहाटे त्यांच्या हातात चकाकणारं काय होतं, तेही मला त्या क्षणी कळलं. ऑफिसातली साधी टाचणी. मला स्वतःची फार शरम वाटली. माणसाने अशा वेळी गप्प बसावं. मी आईकडे वळलो.

"तुला कुणी सांगितलं होतं कुंकू लावायला? ज्याला त्याला कुंकू फासत सुटायचं. तुझ्या या कुंकवापायी..." पुढे मी काय बोललो ते लिहीत नाही. आईचा हात आपोआप स्वतःच्या मोकळ्या कपाळाकडे गेला आणि तिने पदर पुढे ओढला.

"मला काय माहीत रे, तिथे भोक असतं," ती म्हणाली.

"माँ जी हैं, जाने दीजिए," मिस्त्री खाली बघत म्हणाला.

पुढच्या सगळ्या रस्त्यात तिचा हात माझ्या खांद्यावर नव्हता. ती सीटची कडी धरून बसली होती. ते स्थळ जुळलं नाही. त्या मुलीचं भलं झालं.

काका त्याच सुमारास निवृत्त होऊन फरीदाबादला लहानशा घरात राहायला गेले होते. डिसेंबरात एका रविवारी मी तिथे गेलो. माफी मागायची, असं ठरवून गेलो होतो. वाटेत गाडीवर वाक्यंही जुळवली होती. काका गच्चीवर उन्हात बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, हेच मला सोसेना. काकूंनी चहा आणला. काकांनी ऑफिसची, कॉलनीची, सरदारजींच्या वडिलांची चौकशी केली. मग म्हणाले, "दसऱ्यानंतर झाकण बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हणालो.

"वहिनी बऱ्या आहेत?"

"बरी आहे."

"काही बोलला नाहीस ना त्यांना?"

मी चहा पीत राहिलो. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. निघताना ते आतून एक फाईल घेऊन आले. "बाकीच्या सगळ्या जाळल्या. लोकांच्या घरच्या गोष्टी होत्या त्यात. तुझी तेवढी राहिली. आता तुझ्याकडे असू दे."

मी माफी मागितली नाही. जुळवलेली सगळी वाक्यं तशीच परत घेऊन जिना उतरलो. मथुरा रोडला लागल्यावर एका टपरीपाशी गाडी उभी केली आणि नाडी सोडली. अक्षर ओळखीचं, परिच्छेदांना आकडे.

"१. सदर वाहनाच्या टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र कुंकवाने बुजल्याचे आढळले. दसऱ्याच्या पूजेत वाहनमालकाच्या मातोश्रींकडून अनवधानाने घडले.

२. कुंकू न पुसता टाचणीने छिद्र मोकळे केले. स्वस्तिकास धक्का लागलेला नाही.

३. कारण मालकास तोंडी सांगू नये. मालक तापट आहे, मातोश्रींना बोलेल. गोधडी प्रकरण पाहावे.

४. सबब, दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालक उठण्यापूर्वी झाकण पाहणे. जबाबदारी: अधोस्वाक्षरीकार."

त्याखाली दोन वर्षांच्या दोन ओळी, फक्त तारीख आणि "पाहिले, मोकळे केले." आणि मग शेवटची नोंद.

"मालकाने सर्वांसमक्ष आक्षेप घेतला. मातोश्री बाल्कनीत हजर होत्या. खुलासा केला नाही. प्रकरण बंद."

मी परत फिरायला हवं होतं. तिथून त्यांचं घर दहा मिनिटांवर होतं. मी टपरीवर बसून राहिलो आणि मग दिल्लीच्या दिशेने निघालो. नंतर जाऊ, असं म्हणत राहिलो. पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. ते मला सरदारजींकडून कळलं. त्यानंतर सरदारजीही माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

त्या वर्षी दसऱ्याला मी स्वतः गाडी धुतली, माळ आणली, आईला म्हटलं, चल, पूजा कर. ती म्हणाली, "तूच कर बाबा." मी हट्ट धरला. म्हटलं, नेहमीसारखं झाकणावर स्वस्तिक काढ, मी उद्या सकाळी छिद्र मोकळं करीन. खिशातली टाचणीही काढून दाखवली. आई हसली, पण झाकणाकडे गेली नाही. कुंकवाचं बोट हवेत धरून तिने गाडीभोवती एक फेरी मारली, हँडल सोडलं, टाकी सोडली, सीट सोडलं, आणि अगदी मागे, नंबरप्लेटच्या खाली मडगार्डवर एवढासा ठिपका ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"इथे चालेल ना रे?"

त्यानंतर ती असेपर्यंत प्रत्येक दसऱ्याला तिने तिथेच ठिपका ठेवला आणि प्रत्येक वेळी तेच विचारलं. टाचणीची गरज कधी पडली नाही.